अरुंद रुळांची गाडी कशी बघावी: नेरळपासून बर्निनापर्यंत

अरुंद रुळांच्या गाडीत बसायला काही शिकावं लागत नाही. तिकीट काढायचं, खिडकी धरायची, गाडी निघते. पण तीच गाडी नीट बघायची असेल, म्हणजे ती अशी वळसे घेत का जाते, मध्येच का थांबते, इंजिन मागे का लावलंय हे कळून बघायची असेल, तर थोडी तयारी हवी. हा लेख त्या तयारीसाठी आहे. ज्यांनी अजून एकही अशी लाइन पाहिली नाही त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या. कुठल्याही अरुंद लाइनीवर गेलात की पहिला प्रश्न हा विचारा: हे रूळ काय वाहून न्यायला घातले? कापूस, पाटीच्या दगडाच्या लाद्या, सोनं शोधणारी माणसं, सागवान, की उन्हाळ्यात थंड हवेला जाणारे साहेबलोक? या उत्तरातून पुढचं जवळजवळ सगळं उलगडतं.

आधी माप ओळखा

गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. आपल्या मुंबई-पुणे मार्गावरचं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे. युरोप-अमेरिकेत सर्वसाधारण चालतं ते १४३५, त्याला स्टँडर्ड गेज म्हणतात. त्याखालचं सगळं जगाच्या हिशेबात अरुंद. भारतात मात्र रेल्वेचे लोक १००० मिलिमीटरला मीटरगेज म्हणतात आणि नॅरोगेज हा शब्द ७६२ आणि ६१० या दोन मापांसाठी राखून ठेवतात. नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. उटीची गाडी मीटरगेजवर चालते, कालका-शिमला ७६२ वर, दार्जिलिंग आणि माथेरान ६१० वर. लोक चौघींनाही टॉय ट्रेन म्हणून मोकळे होतात.

अरुंद म्हणजे लहानखुरी असंही समजू नका. जपानची बहुतेक जुनी रेल्वे १०६७ मिलिमीटरवर धावते. शिंकान्सेनसाठी त्यांनी वेगळे स्टँडर्ड गेजचे रूळ टाकले. दक्षिण आफ्रिकेत सिशेनच्या खाणींतून सल्डान्या बंदराकडे लोहखनिज नेणाऱ्या मालगाड्या चार किलोमीटरच्या आसपास लांब असतात आणि त्याही याच मापाच्या रुळांवरून जातात. दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधली रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वे आहे. १९२७ साली सुरू झालेल्या या लाइनीचं गेज फक्त ३८१ मिलिमीटर, पण वेळापत्रक लावून खरी वाफेची इंजिनं धावतात.

रूळ अरुंद का ठेवतात

दोन कारणं लक्षात ठेवली तरी पुरे. पहिलं पैशाचं. डोंगराच्या कुशीत रेल्वे न्यायची तर कडा फोडून सपाट पट्टी काढावी लागते. रूळ अरुंद तर डबे अरुंद, पट्टी अरुंद, बोगदा लहान, पूल हलका. हा फरक मैलामैलाला वाचत जातो.

दुसरं कारण वळणाचं, आणि ते मला जास्त आवडतं. रेल्वेची दोन चाकं एकाच आसावर पक्की बसवलेली असतात, त्यामुळे दोन्ही सारखीच फिरतात. वळणावर मात्र बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. किती लांब? पूर्ण वर्तुळ घेतलं तर ब्रॉडगेजला बाहेरचा रूळ साधारण साडेदहा मीटर जास्त भरतो. ६१० मिलिमीटरला हाच फरक चार मीटरच्याही आत येतो. वर्तुळ मोठं असो की लहान, आकडा तोच राहतो, कारण तो फक्त गेजवर ठरतो. चाकांना निमुळता उतार देऊन हा फरक थोडा भरून काढतात, पण वळण फार आवळलं की चाकं घासू लागतात, किंचाळतात. गेज कमी तर घासणं कमी, म्हणून अरुंद गाडी ब्रॉडगेजला न जमणारी वळणं घेऊ शकते. माथेरानच्या गाडीत बसल्यावर वळणावळणाला चाकांचा जो कर्कश आवाज येतो, तो हाच.

चढ वाचायला शिका

लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कडक चढ चढू शकत नाही, घसरतं. रेल्वेचा चढ गुणोत्तरात सांगतात. १:२० म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. रुळांच्या बाजूला लहान पाट्या असतात, त्यांवर हे आकडे दिसतात. गाडी हळू असते, वाचायला वेळ मिळतो.

आता हिशेब करून बघा. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, माथेरान सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे ७६० मीटर चढायचंय. या लाइनीचा सर्वांत कडक चढ १:२०. तो एकसारखा ठेवला असता तरी पंधरा किलोमीटरहून जास्त रूळ लागले असते. प्रत्यक्षात लाइन वीस-एकवीस किलोमीटर आहे, कारण वळणांवर आणि स्टेशनांत चढ कमी करावा लागतो. डोंगर समोर दिसत असूनही गाडी इकडून तिकडे का हिंडते, याचं उत्तर या गणितात आहे. जाण्याआधी कुठल्याही घाटलाइनीचा असा हिशेब घरी मांडून बघा. प्रवासाची मजा दुप्पट होते.

एवढं अंतर डोंगरात बसवायच्या युक्त्या ठरलेल्या आहेत. सगळ्यांत साधी म्हणजे घोड्याच्या नालासारखं वळण: गाडी दरीच्या टोकापर्यंत जाते, वळते आणि समोरच्या अंगावरून वर चढत परत येते. मघाशी आपण जिथून गेलो ते रूळ खाली दिसतात. माथेरानच्या वाटेवर जुम्मापट्टीच्या आसपास हे बघायला मिळतं.

दुसरी युक्ती लूप. गाडी पूर्ण वर्तुळ घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पूल ओलांडते. दार्जिलिंगजवळचा बतासिया लूप प्रसिद्ध आहेच. तैवानच्या अलीशान लाइनीवर तर एका डोंगराभोवती गाडी तीन वेढे घालते. जपानी राजवटीत लाकूड आणण्यासाठी घातलेली ही ७६२ मिलिमीटरची लाइन साधारण ३० मीटर उंचीवरून निघून २२०० मीटरच्या वर पोचते. २००९ च्या वादळात तिचं फार मोठं नुकसान झालं होतं. संपूर्ण मार्ग पुन्हा सुरू व्हायला २०२४ उजाडलं.

वर्तुळालाही जागा नसेल तिथे झिगझॅग. दार्जिलिंगच्या मार्गावर हा प्रकार आवर्जून बघा. गाडी पुढे जाऊन आंधळ्या टोकाशी थांबते. मागचा सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड, बदलतो. मग गाडी उलटी ढकलत वर चढते, पुन्हा थांबते, पुन्हा सांधा, आणि तिसऱ्या तुकड्यावर परत पुढे. कडक वळण एकही नाही, तरी गाडी एक मजला वर आलेली असते.

आणि हे काहीच पुरेनासं झालं की दात्यांची पट्टी, म्हणजे रॅक. रुळांच्या मधोमध दातेरी लोखंडी पट्टी बसवतात आणि इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात अडकून गाडीला वर नेतं. भारतात हे फक्त निलगिरीला, म्हणजे उटीच्या गाडीला. कल्लार ते कुन्नूर या भागात चढ १:१२ पर्यंत जातो.

पहिला प्रवास कुठला करावा

महाराष्ट्रातल्या माणसाने माथेरानपासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. जवळ आहे, स्वस्त आहे, आणि वर सांगितलेलं निम्मं तिथे दिसतं. मुंबईचे उद्योजक आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचे सोळा लाख रुपये घालून ही लाइन बांधली. १९०४ ला काम सुरू झालं, १९०७ ला गाडी धावली. तिचं ओझं म्हणजे मुंबईच्या उकाड्यातून सुटून वर जाणारी माणसं आणि त्यांचं सामान. म्हणून डबे हलके, गाडी छोटी, घाई कशाचीच नाही. सुरुवातीची वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेलची होती. अशी अवघड वळणं घेता यावीत म्हणून त्यांच्या टोकाच्या चाकांना बाजूला सरकण्याची सोय केलेली होती.

दुसरा प्रवास निलगिरीचा करा. तो पूर्ण चढाचाच करा, मेट्टुपालयमहून सकाळी निघणारा. उतरताना वेळ कमी लागतो, पण इंजिनाचं काम चढताना दिसतं. इथे वाफेचं इंजिन गाडीच्या मागे असतं आणि डबे ढकलत नेतं. डबे जोडणारी सांधणी तुटली तरी डबे इंजिनावरच टेकलेले राहावेत, हा त्यामागचा विचार. इंजिनाला चार सिलिंडर, म्हणजे वाफेच्या जोरावर आत दट्ट्या सरकणारी नळकांडी, असतात. दोन नेहमीची चाकं फिरवतात. रॅकवर आलं की त्यांतून निघालेलीच वाफ उरलेल्या दोघांत जाते आणि ते दातेरी चाक फिरवतात. कान दिलात तर कल्लारनंतर इंजिनाचा आवाज बदललेला लगेच कळतो. प्रत्येक डब्याच्या टोकाला एक ब्रेकवाला उभा असतो. शिट्टीच्या इशाऱ्यावर तो हाताने चाक फिरवून आपल्या डब्याचा ब्रेक आवळतो किंवा सोडतो, आणि झेंडी दाखवून पुढच्याला कळवतो. या माणसांकडे नीट बघा. दरीचे फोटो नंतरही काढता येतात.

हिलग्रोव्हसारख्या स्टेशनांत गाडी पाणी भरायला थांबते. खाली उतरून इंजिनाजवळ जायची हीच वेळ. माणसं कामात असतात, म्हणून बाजूला उभं राहून बघावं. कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं आणि तिथून उटीपर्यंत डिझेल नेतं. मेट्टुपालयम ते उटी ४६ किलोमीटरला पाच तासांच्या आसपास लागतात, एवढी मनाची तयारी ठेवा.

दार्जिलिंग आणि कालका-शिमला हे त्यानंतरचे. दार्जिलिंगची लाइन १८८१ ची, या चौघींत सर्वांत जुनी. संपूर्ण प्रवास न्यू जलपाईगुडीपासून ८८ किलोमीटर आहे आणि दिवस जवळजवळ त्यातच जातो. वेळ नसेल तर दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी फेरी असते, तिच्यात बतासिया येतो. पण झिगझॅग खालच्या भागात आहेत, ते या फेरीत मिळणार नाहीत. वाफेचं इंजिन असेल तर पुढच्या बाजूला बसलेली माणसं दिसतील. चाकं घसरू नयेत म्हणून ती रुळांवर हाताने वाळू टाकत असतात. धुकं आणि ओले रूळ असताना गाडी त्यांच्या भरवशावर चढते.

कालका-शिमला १९०३ ची, ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे आणि आठशेहून जास्त पूल. ही लाइन आधी ६१० मिलिमीटरची ठरली होती. लष्कराने आग्रह धरला आणि माप ७६२ झालं. शिमल्याला सरकार उन्हाळ्यात मुक्कामाला जायचं, म्हणजे ओझं होतं फायली, फौज आणि अख्खी राजधानी. माथेरानच्या मानाने इथलं दगडी काम इतकं भक्कम का, हे तिथे कळतं. कनोहजवळचा चार मजली कमानींचा पूल चुकवू नका.

तिकीट, ऋतू, सामान

निलगिरी, दार्जिलिंग आणि कालका-शिमलाचं आरक्षण रेल्वेच्या संकेतस्थळावर होतं. सुट्ट्यांतल्या जागा लवकर संपतात, म्हणून आरक्षण उघडताच काढा. माथेरानचे नियम आणि वेळा बदलत असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी मध्य रेल्वेची ताजी माहिती बघा आणि नेरळला वेळेआधी पोचा.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. दरडी आणि खडी वाहून जाणं ही तिथली खरी भीती आहे. २००५ च्या जुलैत लाइन इतकी उद्ध्वस्त झाली की पुन्हा सुरू व्हायला २००७ लागलं. वरच्या टप्प्यात अमन लॉज ते माथेरान छोटी फेरी मात्र चालू असते. मोटारीने दस्तुरी नाक्यापर्यंत आलात की तिथून ती घ्या, कारण माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. निलगिरीला ऑक्टोबर ते डिसेंबर आणि दार्जिलिंगला जुलै-ऑगस्टमध्ये दरडींमुळे गाड्या रद्द होतात. त्या दिवसांत परतीचं तिकीट घट्ट वेळेचं काढू नका.

अनेक डब्यांत स्वच्छतागृह नसतं. लहान मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील तर निघण्याआधी स्टेशनवरच सोय बघा. मोठ्या सुटकेसला डब्यात जागा नसते, एक पाठपिशवी बरी. घाट लागत असेल तर औषध आधी घ्या.

खिडकी कुठली? घोड्याच्या नालाच्या वळणांत दरी सतत बाजू बदलते, त्यामुळे डावी-उजवीची काळजी फार करू नका. मागच्या डब्यात बसलात तर वळणावर पुढचं इंजिन आणि डबे दिसतात. निलगिरीला उलटं आहे, तिथे पुढच्या डब्यातून रूळ आणि मधली दातेरी पट्टी समोर मोकळी दिसते. मागे बसलात तर इंजिनाचा श्वास ऐकू येतो. मी मागे बसेन.

आणि कृपा करून दारात लोंबकळू नका. या लाइनींचे बोगदे आणि खडक डब्याला अगदी खेटून असतात. गाडी हळू आहे म्हणून चालत्या गाडीतून उतरणं, फोटोसाठी रुळांवर उभं राहणं हेही नको. त्याचा त्रास गाडी चालवणाऱ्यांना होतो.

परदेशात जाणार असाल तर

वेल्समधली फेस्टिनियॉग रेल्वे बघितल्याशिवाय हा विषय पुरता कळत नाही. १८३६ साली खाणीतल्या दगडी लाद्या पोर्थमॅडॉग बंदरात न्यायला ही लाइन घातली, गेज ५९७ मिलिमीटर. उतार साधारण १:८० असा सलग ठेवला की भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, इंजिनाशिवाय, आपल्याच वजनाने बंदरापर्यंत उतरत. घोडे त्याच गाडीच्या एका डब्यात उभे राहून खाली येत आणि रिकाम्या वाघिणी ओढत वर नेत. १८६३ ला वाफ आली. १८६९ ला ‘लिटल वंडर’ नावाचं दोन तोंडांचं फेअर्ली इंजिन आलं, आणि पुढच्या वर्षी त्याच्या चाचण्या बघायला देशोदेशीचे अभियंते तिथे जमले. एवढ्या अरुंद रुळांवर खरी रेल्वे चालू शकते, ही खात्री जगाला तिथून मिळाली. दोन तोंडांची इंजिनं आजही तिथे धावतात. जवळच टॅलिलिन रेल्वे आहे, जी १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवली. जुनी रेल्वे लोकांनी वाचवण्याची चळवळ जगात तिथून सुरू झाली.

स्वित्झर्लंडला गेलात तर बर्निना लाइन. मीटरगेज, रॅक नाही, तरी ७ टक्के चढ, म्हणजे साधारण १:१४. वर २२५३ मीटरवरून इटलीतल्या तिरानोला ४२९ मीटरवर उतरते. ब्रुसिओला उघड्या मैदानात नऊ कमानींच्या पुलावरून गाडी स्वतःभोवती फिरते. इथे एक पैसे वाचवणारा सल्ला: मोठ्या काचांच्या बर्निना एक्स्प्रेसला आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. त्याच रुळांवर साध्या प्रादेशिक गाड्या जातात, त्यांना आरक्षण लागत नाही, आणि अनेक डब्यांच्या खिडक्या उघडतात. फोटो काढणाऱ्याने साधीच गाडी घ्यावी.

मेलबर्नच्या मराठी मंडळींना पफिंग बिली घराजवळच आहे. शहरातली लोकल बेलग्रेव्हला जाते, तिथून चालत दोन पावलांवर ७६२ मिलिमीटरची वाफेची गाडी. अमेरिकेत कोलोरॅडोची डुरँगो ते सिल्व्हरटन, १८८२ ची, ९१४ मिलिमीटर, चांदीच्या खाणींसाठी घातलेली. ७२ किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, सगळा दिवस लागतो. एकीकडून बस घेतली तरी चालते.

आपल्याकडच्या बंद झालेल्या लाइनी

शेवटचा टप्पा गाडीशिवायचा आहे. महाराष्ट्राच्या सपाटीवर अरुंद रुळांचं मोठं जाळं होतं आणि ते डोंगरासाठी नव्हतं. बार्शी ही कापसाची, धान्याची मोठी पेठ, पण मुख्य लाइन तिच्यापासून ३५ किलोमीटर लांबून गेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ ला ७६२ मिलिमीटरची बार्शी लाईट सुरू केली. त्याचा नियम एकच: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग इंजिन असो की मालाचा डबा, वजन जास्त चाकांवर वाटायचं, म्हणजे हलके, स्वस्त रूळ पुरतात. लाइन पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली, आणि कापसासाठी घातलेल्या रुळांवरून वारकऱ्यांच्या पिढ्या पंढरीला गेल्या. आता तो सारा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला होती, तीही कापसाचीच. तिची मालकी स्वातंत्र्यानंतरही खाजगी कंपनीकडे राहिली, गाडी रेल्वे चालवायची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं.

भारतातली पहिली अरुंद लाइनही मराठी राज्यकर्त्याचीच. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६२ ला डभोई ते मियागाम रूळ टाकले, आणि डबे ओढायला बैल जुंपले. गायकवाडांच्याच राज्यातली बिलीमोरा-वाघई ही ६३ किलोमीटरची लाइन १९१३ ची. डांगच्या जंगलातलं सागवान खाली आणायला घातलेली. ती वारसा म्हणून राखली आहे. नाशिक किंवा मुंबईहून एका दिवसात जमण्यासारखी आहे, गर्दी कमी असते.

नागपूरला जाणं झालं तर मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय बघा. सातपुड्यातल्या ७६२ मिलिमीटरच्या जाळ्यावरची जुनी इंजिनं, डबे आणि सिग्नलचं साहित्य तिथे मांडलंय. जाताना मोजपट्टी खिशात ठेवा आणि दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर स्वतः मोजा.